नोरा कर्त्यात की कर्मात?

क्रेकहोप, डरहॅम परगणा
जुलै १९७४

ती. अण्णामामा यांना,

दिगूचा, बूट काढून आणि डोकं टेकवून नमस्कार. (बूट काढले हे मुद्दाम सांगतो, कारण इथं जुलैतही बूट काढणं म्हणजे धाडस आहे.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा मी पाठवलेल्या मलमाला दाद देतो की अजून कऱ्हाडच्या वैद्यांच्याच लेपावर त्याची श्रद्धा आहे? तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. त्याचं कारण माझा आळस नव्हे. त्याचं कारण, रागावू नका, तुमचं इंग्रजी व्याकरण. त्यापायी इथलं एक घर मोडायला आलं होतं, आणि मोडण्यात शेवटी शेवटी मीही हात घातला.

तुम्हाला आठवत असेल, पाचवीत तुम्ही आम्हाला शिकवलंत: ‘आय’ म्हणजे मी, आणि ‘मी’ म्हणजे मला. मामा, मराठी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाच्या डोक्यात हे वाक्य शिरतं तेव्हा आत काय उलथापालथ होते याचा तुम्ही कधी विचार केलात का? आपलं ‘मी’ हे घरचं यजमान, वाक्याच्या पाटावर पहिलं बसणारं. तेच इंग्रजीत गेलं की बिचारं कर्म होऊन क्रियापदाच्या मागं उभं राहतं, कुणीतरी काहीतरी करील म्हणून वाट बघत. त्या एका अक्षरापायी मी तुमच्या किती छड्या खाल्ल्या ते तुम्ही विसरला असाल. हात विसरलेला नाही.

एवढं शिकून इथं आलो तर कळलं की या गावाला कुणी छडीच मारलेली नाही. इथला माणूस स्वतःला ‘अस’ म्हणतो, म्हणजे ‘आम्हाला’. पहिल्याच हिवाळ्यात खाणीतला एक गडी एकटा माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, ‘डॉक्टर, आम्हाला रात्रभर खोकला आहे.’ मी उठून बाहेर डोकावून आलो, दुसरा कुठं राहिला म्हणून. ‘तिनं’च्या जागी ‘तिला’, ‘आम्ही’च्या जागी ‘आम्हाला’, ‘माझं’च्या जागी पुन्हा ‘मी’च, असा सगळा कारभार. हळूहळू माझी जीभही तशीच झाली. फक्त एका माणसासमोर ती सरळ होते. ती म्हणजे मिस प्राउडलॉक.

या इथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तुमचंच बाईमाणसाचं रूप समजा, फक्त डोक्यावर मडमेची टोपी, तीही पिसांशिवाय, कारण बाईंना पिसांची भीती वाटते. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं आणि अर्धं गाव अजून त्यांना बघून विडी लपवतं. लग्न नाही, भाऊ-बहीण नाही. त्यांच्याकडे दर आठवड्याला सूपचं भांडं घेऊन जाणारी एकच बाई, त्यांची जुनी विद्यार्थिनी नोरा टिंडेल. आणि नोराचा नवरा विल्फ, म्हणजे खाणीतून निवृत्त झालेला, शर्यतीची कबुतरं पाळणारा, आणि बोलणं म्हणजे फुफ्फुसातली हवा वाया घालवणं असं मानणारा माणूस. त्याची छाती मी कित्येक वर्षं तपासतोय. ‘श्वास घ्या’ म्हटलं की घेतो, ‘सोडा’ म्हटलं की सोडतो. एवढाच आमचा संवाद.

तर गेल्या महिन्यात कबुतर मंडळाचं वार्षिक जेवण होतं, चॅपलच्या हॉलमध्ये. हॅम, वाटाण्याचं घट्ट पिठलं (ते त्याला वेगळं काही म्हणतात, पण मामा, पिठलंच ते), बीटाचं लोणचं, आणि चहाचं ते मोठं पिंप, जे सगळा वेळ फुसफुसत असतं. विल्फच्या डचेस नावाच्या कबुतरीनं मागच्या मोसमात नाव काढलं होतं, म्हणून आभाराचे दोन शब्द बोलायला त्याला उभं केलं. तो उभा राहिला, मान हलवली आणि बसला. मग लोकांनी नोराला उभं केलं. ती हसत हसत म्हणाली, ‘कौतुक करताय ते बरंच आहे. दाणापाणी मीही करते हो, ढाबळ मीही झाडते. पण खरं सांगायचं तर त्या पाखरांवर विल्फचा जीव माझ्यापेक्षा जास्त.’

अर्थात हे तिनं तिच्या भाषेत म्हटलं, आणि शेवटी म्हटलं ‘दॅन मी’.

चहाच्या पिंपाजवळून मिस प्राउडलॉकचा आवाज आला, ‘दॅन आय, नोरा.’

सगळे हसले. नोराही हसली. ‘काय फरक पडतो, मिस?’

‘फार पडतो. “आय” म्हणालीस तर तू कर्ता. म्हणजे तू पाखरांना जेवढा जीव लावतेस त्याहून विल्फ जास्त लावतो. “मी” म्हणालीस तर तू कर्म. म्हणजे विल्फ तुला जेवढा जीव लावतो त्याहून जास्त पाखरांना लावतो.’

(मामा, आपल्या भाषेची थोरवी अशा वेळी कळते. ‘माझ्यापेक्षा’ म्हटलं की दोन्ही अर्थ एकाच सतरंजीखाली झाकून जातात आणि संसार चालू राहतात.)

नोरा हातातला कप तसाच धरून उभी राहिली. ही गोष्ट तिच्या मनात आयुष्यात कधी आली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि आता आली आहे, हेही दिसत होतं. ती नवऱ्याकडे वळली. आवाज अगदी हळू.

‘काय रे विल्फ? मी त्यातली कोण?’

त्यानंतर जी शांतता पसरली, तशी मी फक्त ऑपरेशनच्या टेबलाशी ऐकली आहे. विल्फच्या काट्यावर बीटाचा तुकडा होता. तो तुकड्याकडे बघत होता. पिंप फुसफुसत होतं. कुणीतरी खोकलं, आणि डॉक्टर असूनही मला त्या खोकल्याचा राग आला. माझी शालिनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबत होती, जणू विल्फचं उत्तर माझ्या पायात अडकलंय. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होतो, काहीही बोल, तिचं नाव घे, नाहीतर चक्कर येऊन पड, मी आहे.

विल्फनं मान वर केली आणि मिस प्राउडलॉककडे बघून म्हणाला, ‘पुन्हा एकदा सांगता का, मिस?’

हॉल हसून हसून आडवा झाला. नोरा हसली नाही. तिनं कप खाली ठेवला, बशीत नीट बसवला, खुंटीवरचा कोट घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती व्हिटली बे या समुद्रकाठच्या गावी, तिच्या विधवा बहिणीकडे, आयव्हीकडे, निघून गेली.

गावाला आधी वाटलं, चार दिवसांत येईल. आली नाही. मग बातमी आली की तिथल्या एका चहाच्या दुकानात तिनं नोकरी धरली आहे आणि सोमवारपासून कामावर जाणार आहे. या वयात! गावात दोन तट पडले. कबुतरवाले म्हणत, एका अक्षरावरून कुणी घर सोडतं का? बायका म्हणत, अक्षरावरून नाही हो, गप्प बसण्यावरून. मिस प्राउडलॉक रक्तदाब तपासायला आल्या. आकडा बघून मलाच घाम फुटला. त्या ताठ बसून म्हणाल्या, ‘वाक्य मी बरोबर सुधारलं, डॉक्टर.’ मी म्हटलं, बरोबरच होतं, बाई. ‘व्याकरणात माझी चूक नाही.’ नाहीच, बाई. आणि मग बाही खाली करताना त्यांच्या हाताला बटण सापडेना. मी लावून दिलं.

मग विल्फ आला. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. म्हणाला, ‘आम्हाला अन्न जात नाही.’ या खेपेला मी दुसऱ्याला शोधलं नाही. मी विचारलं, अरे गड्या, त्या दिवशी बोलला का नाहीस? त्यानं टोपी हातात फिरवली. ‘डॉक्टर, आधी प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ती बसमध्ये होती.’

नोराचा निरोप त्याला आला होता. उत्तर द्यायचं तर दारात येऊन, तोंडानं द्यायचं, चिठ्ठी नको, फोन नको. आणि यायचं ते शनिवारी दुपारी. नंतर नको.

मामा, हा शनिवार म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. त्या शनिवारी फ्रान्सहून सुटणाऱ्या कबुतरांची शर्यत होती. वर्षातली सगळ्यात मोठी. डचेस तीत होती. पाखरू समुद्र ओलांडून घरी येतं, तेव्हा मालक ढाबळीत असावा लागतो. त्यानं शीळ घालून उतरवायचं, पायातली रबरी कडी काढून घड्याळाच्या पेटीत टाकायची, तीच वेळ धरतात. मालक नसला तर पाखरू छपरावर बसून राहतं आणि शर्यत गेली. नोराला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. ती कबुतरवाल्याची बायको आहे. तिनं तो शनिवार निवडूनच काढला होता.

विल्फनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘तुमची गाडी आहे का रिकामी?’

ढाबळीत थांबायला मिस प्राउडलॉक आपण होऊन पुढे आल्या. पिसांना भिणारी बाई! त्यांना एकटं सोडू नये म्हणून शालिनी गेली. पाखराला खाली बोलवायला मक्याचा डबा कसा खुळखुळवायचा ते विल्फनं दोघींना दाखवलं आणि निघताना मिस प्राउडलॉकनी त्याला एक वाक्य पढवलं. ‘आय लव्ह यू मोअर दॅन देम.’ देम, विल्फ. पाखरं कर्म. त्यांच्यावर करतो त्यापेक्षा तुझ्यावर जास्त. म्हण बघू. त्यानं म्हटलं. पुन्हा. पुन्हा म्हटलं. या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी आणि अर्धा मोहल्ला ऐकत होतो आणि तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता.

गाडीत तो सगळी वाट ते पुटपुटत होता. दॅन देम, दॅन देम. आणि इथं, मामा, तुमचा प्रवेश होतो. माझे तळहात हुळहुळायला लागले. तुम्ही काय शिकवलं होतंत? ‘दॅन’नंतर ‘मी’ आला की छडी, ‘हिम’ आला की छडी, ‘देम’ आला की छडी. दॅननंतर नेहमी कर्ता! माझ्या मनावर ताण होता, पुढं मेंढ्या आडव्या आल्या होत्या, घड्याळ पुढं पळत होतं, आणि तुमचा आवाज माझ्या तोंडून बाहेर पडला: ‘विल्फ, ते “दे” पाहिजे. दॅन दे.’ तो दचकला. ‘मिस तर म्हणाल्या...’ मी म्हटलं, माझे मामा कऱ्हाडच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. उरलेली वाट तो ‘दॅन दे’ म्हणत राहिला. आणि आयव्हीच्या घरापुढं गाडी थांबवली तेव्हा, अगदी तेव्हाच, माझ्या डोक्यात वाक्य उलगडलं. मी ओरडलो, ‘विल्फ, थांब, देम!’ पण तो दार वाजवून चुकला होता.

आयव्हीनं दार उघडलं. मागं नोरा. एप्रनला हात पुसत होती. विल्फनं टोपी काढली, छातीशी धरली आणि शाळेतल्या पोरासारखा एका दमात म्हणाला, ‘नोरा, आय लव्ह यू मोअर दॅन दे.’

मी फाटकाला धरून उभा होतो. नोरानं भुवया चढवल्या. मिस प्राउडलॉकची विद्यार्थिनी ती, आणि गेल्या काही दिवसांत तिनं या विषयाशिवाय दुसरा विचार केला नव्हता.

‘दे? म्हणजे पाखरांचं माझ्यावर प्रेम आहे, आणि तुझं त्याच्याहून जरा जास्त?’

संपलं, मी म्हटलं. शर्यत गेली, बायको गेली, आणि हे सगळं कऱ्हाडच्या खात्यावर. दुसरा कुणी नवरा असता तर चटकन चूक कबूल करून मोकळा झाला असता. पण विल्फला प्रश्न विचारला की तो प्रश्नाचा विचार करतो. त्यानं केला. नोरा थांबली. आयव्ही थांबली. वरून समुद्रपक्षी ओरडत गेले.

‘डचेसचं असावं,’ तो म्हणाला. ‘तुला न्यूमोनिया झाला तेव्हा ती खिडकीशी येऊन बसायची. बाकीच्यांचं सांगवत नाही. त्यांचं मक्यावर आहे.’

नोराच्या ओठांचा कोपरा हलला. पण तिनं सोडलं नाही. ‘आणि त्या दिवशी सगळ्या गावासमोर मला उभं ठेवून गप्प बसलास ते?’

‘मला त्यातलं काही कळलं नव्हतं, बाई. घरी आलो तरी कळेना.’ टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत होती. ‘पाखरू आलं नाही, तर मी अंगणात उभा राहतो. वर बघतो. ते माहीत आहे मला. तू आली नाहीस, तर कुठं उभं राहायचं तेच कळेना. मग मी सगळ्या खोल्यांत उभा राहून बघितलं.’

मामा, विल्फच्या फुफ्फुसातून एका वेळी एवढी हवा बाहेर पडलेली मी कधी ऐकली नव्हती. आयव्हीनं एप्रन डोळ्यांना लावला. मी फाटकाच्या कडीचं निरीक्षण केलं. नोरा त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘सुटली का शर्यत?’

‘सकाळीच.’

‘ढाबळीत कोण आहे?’

‘मिस प्राउडलॉक.’

‘अरे देवा, त्या पिसांना भितात! अरे माणसा, सोडून आलास कसा त्यांना? चला डॉक्टर, बघताय काय?’ असं म्हणत ती एप्रनासकट गाडीत बसलीसुद्धा. कोट आयव्हीनं खिडकीतून आत फेकला.

आम्ही पोचलो तेव्हा मिस प्राउडलॉक ढाबळीच्या दारात उलट्या बादलीवर, डोक्यावर छत्री उघडून बसल्या होत्या. शालिनी डबा खुळखुळवून दमली होती. आणि डचेस घराच्या धुराड्यावर बसली होती, केव्हाची. फ्रान्सहून समुद्र ओलांडून आलेली बाई ती, अनोळखी बायकांच्या हाकेला उतरेल कशाला? शेजारच्या गल्लीतल्या एकाचं पाखरू कधीच घड्याळात पडलं होतं. विल्फ शीळ घालायला तोंडाशी बोटं नेणार, तेवढ्यात नोरा म्हणाली, ‘राहू दे. दमली आहे ती. बसू दे.’ आणि दोघं अंगणात शेजारी शेजारी, माना वर करून उभी राहिली.

मिस प्राउडलॉकनी छत्री मिटली. ‘नोरा, वाक्य मी बरोबर सुधारलं होतं,’ त्या म्हणाल्या. मला वाटलं, झालं पुन्हा सुरू. ‘पण प्रत्येक बरोबर गोष्ट मोठ्यानं म्हणायलाच हवी असं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.’

नोरानं वरची नजर काढली नाही. ‘मिस, तुम्ही जेवलात का काही या दिवसांत?’

नव्हत्या जेवल्या. डचेस तिच्या मर्जीनं उतरली, कुणाकडेही न बघता सरळ पाण्याच्या पन्हाळीवर गेली. सोमवारी नोरा चहाच्या दुकानात गेली नाही. मंगळवारी मिस प्राउडलॉकचा रक्तदाब माझ्यापेक्षा बरा होता. (इथं ‘माझ्यापेक्षा’चा एकच अर्थ आहे, घाबरू नका.)

मामींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
दिगू

ता. क. – ‘दॅन’नंतर नेहमी कर्ता, हा नियम तुम्ही अजून कुणाला शिकवत असाल तर कृपया थांबवा. अर्थ बघून शिकवा. छडी नको.

ता. क. – आता या पत्राचं खरं कारण लिहितो. त्या शनिवारी घरी परतताना शालिनीनं गाडीत सहज विचारलं, ‘काय हो, तुमचा जीव दवाखान्यावर माझ्यापेक्षा जास्त का?’ एवढा सगळा दिवस अंगावर घेतल्यावरही, मामा, माझ्या तोंडून काय निघालं? ‘प्रश्न संदिग्ध आहे.’ मला फक्त व्याकरण म्हणायचं होतं! तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आमटीत मीठ आहे, पण शब्द नाही. ती तुम्हाला फार मानते. तुम्ही तिला एक पत्र घाला, मराठीत घाला, दिगू मनानं चांगला आहे एवढंच लिहा, सर्वनामं शक्यतो टाळा. लवकरात लवकर, हवाई टपालानं.

ता. क. (शालिनीकडून) – मामांना शि. सा. नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. मी रागावलेली नाही. मला उत्तर त्याच दिवशी कळलं होतं, कारण असं विचारल्यावर हे गाडी चालवता चालवता मेंढ्यांच्या कुंपणात गेले. पण मी बोलत नाही म्हणून हे रोज भांडी घासतात, कोळसा आणतात आणि संध्याकाळी वेळेवर घरी येतात. तरी तुमचं पत्र साध्या टपालानं, बोटीनं पाठवावं, ही विनंती.